ओला अंबाडा

ताईंनी वाकून आजोबांच्या नाकावर तपासणीची फ्रेम टेकवली आणि आजोबांनी नाक मुरडून तोंड फिरवलं.

"इथं काहीतरी आंबलंय," ते म्हणाले.

चष्म्याच्या त्या लहानशा दुकानात नंबर तपासायचं काम ताईंकडे होतं, आणि हे वाक्य त्या या आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकत होत्या. गिऱ्हाइकाच्या नाकाला नाक लावून करायचं काम, त्यात ही नामुष्की. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. लेन्सच्या पेटीशेजारी, फळीवर, झाडलोट करणाऱ्या मावशींचा डबा होता. झालं, चोर सापडला.

ताई तरातरा बाहेर काउंटरपाशी आल्या. "मावशी, कितीदा सांगायचं? शिळंपाकं आणता आणि आत नेऊन ठेवता. माणसं नाक दाबून बसतात."

काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. चौघांनीही हातातल्या फ्रेमा सोडून मावशींकडे पाहिलं. मावशी शोकेसची काच पुसत होत्या. त्यांनी फडकं खाली ठेवलं, आतून डबा आणला आणि त्या बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. जाताना त्यांनी ताईंच्या डोक्याकडे एकदा पाहिलं.

"उद्यापासून नकाच येऊ म्हणावं," गल्ल्यावर बसलेले मालक दाराकडे बघत म्हणाले. "दुसरी बाई बघू."

ताईंना एवढं नको होतं. पण चारचौघांत शब्द मागे कसा घ्यायचा? त्यांनी आत येऊन दार लावून घेतलं.

दिवा मालवला. समोर फक्त अक्षरांचा तक्ता उजळलेला.

"आता बरं दिसतं की आता?"

"पहिलं," आजोबा म्हणाले. मग विचार करून, "नाही, दुसरं." माणूस मोठा काटेकोर होता. तिसरी काच घालायला ताई वाकल्या तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, वास अजून येतोय."

"डबा गेला, आजोबा. थोडा राहिला असेल खोलीत."

"तसं नाही. तुम्ही वाकलात की येतो, पेटीकडे गेलात की जातो. पुन्हा वाका बरं."

ताई वाकल्या.

"आला. आता मागे व्हा. हां, गेला."

अक्षरं वाचावीत तितक्या प्रामाणिकपणे आजोबांनी सांगून टाकलं. त्यांच्या मनात काही नव्हतं.

ताईंचा हात आपोआप मागे अंबाड्याकडे गेला. महिन्यापासून केस मूठमूठ गळत होते. फोनवरच्या व्हिडिओतली ती बाई सांगायची, केस धुऊन झाले की शेवटी मगभर पाण्यात एक झाकण व्हिनेगर घालून ते डोक्यावरून ओता, केस वाळले की वास जातो. ताईंना घाई फार. झाकणाची अर्धी वाटी झाली. आणि केस वाळवायला सकाळी वेळ कुणाला असतो? ओल्याचाच घट्ट अंबाडा, त्यात खोचले सहा आकडे, की निघाल्या कामाला. त्यांच्या नाकाला तो वास आता कळतही नव्हता. उलट केसांना चमक आली म्हणून ताई आठवडाभर दुकानातल्या प्रत्येक आरशात डोकावत होत्या.

अंबाड्यात बोट घातलं तर आत अजून ओलं. ते बोट त्यांनी काळोखात नाकाशी नेलं. कानशिलं तापली. बरं झालं दिवा मालवलेला होता.

आजोबांचा नंबर त्यांनी कसाबसा लिहून दिला आणि गिऱ्हाइकांची नजर चुकवत त्या बाहेर पायरीवर आल्या. मावशी उन्हात बसून, भिंतीकडे तोंड करून जेवत होत्या. ताईंना बघून त्यांनी घाईघाईने डब्याला झाकण लावलं. त्या झाकण लावण्यानेच ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, चुकलं माझं. वास माझ्या केसांचा होता."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "सोमवारपासून ठाऊक आहे. ओले बांधता ना?"

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"एवढ्या माणसांत? तुम्हाला त्यांच्यात रोज उभं राहायचं असतं, ताई. आज दुपारी कानात सांगणार होते." मावशींनी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "मालक उद्यापासून नको म्हणाले, ते खरंच म्हणाले का?"

या बाई आपल्याला कानात सांगणार होत्या, आणि आपण? ताईंनी मावशींच्या मांडीवरचा डबा उचलला आणि तो घेऊन त्या दुकानात शिरल्या.

मघाची गिऱ्हाइकं अजून तिथंच होती. आजोबाही फ्रेमा लावून बघत होते. ताईंनी डबा काउंटरवर, सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

"हा परत आत कशाला?" मालकांनी विचारलं.

वास माझा आहे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. ते काही केल्या तोंडाबाहेर येईनात. आरशातून, रिकाम्या फ्रेमांतून सगळे त्यांच्याकडेच बघत होते, आणि दारात मावशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

ताईंनी मान खाली घातली आणि अंबाड्यातला पहिला आकडा काढला. मग दुसरा. सहावा निघाला तसे ते ओले, चमकदार केस पाठीवर सुटले.

सगळ्यात जवळच्या गिऱ्हाईक बाई एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला.