चढावरचं संग्रहालय

"आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबला इतिहासाची बैठक हवी," मी मीटिंगमध्ये उभा राहून म्हणालो, आणि चढावरच्या संग्रहालयाचं आजीव सभासदत्व क्लबच्या खर्चाने माझ्या नावावर घ्यायला सुचवलं. वारसा, संस्कृती, पुढची पिढी, सगळं आणलं. आवाजही थोडा कापरा केला.

खरं कारण वेगळं होतं. दर रविवारच्या फेरीत माझी चौसष्ट सालची गाडी नेमकी त्याच चढावर तापायची. इंजिन थंड होईपर्यंत मी तिकीट काढून आत पंख्याखाली बसायचो आणि बाहेर आल्यावर अडकित्त्यांच्या दालनाबद्दल बोलत राहायचो, म्हणजे गाडीचा विषय निघायचा नाही.

भाषण अर्ध्यावर असतानाच सगळे हात वर गेले. मी भारावलो.

"घ्या सभासदत्व," अध्यक्ष पेठकर म्हणाले. "फक्त यापुढे आम्ही तुमच्यासाठी उन्हात थांबणार नाही. तुम्ही आत बसा, आम्ही मिसळ खाऊन येतो."

पुढच्या रविवारी कार्ड खिशात होतं, आणि गाडी तो चढ न तापता, न कुरकुरता चढली. एवढं भाषण ठोकल्यावर मला ते परवडणारं नव्हतं. संग्रहालयाच्या दारात मीच ती बंद केली, बॉनेट उघडलं आणि चेहरा पाडून सगळ्यांना पुढे जायला सांगितलं.