दोन बोल्ट

"उघडा काका, माझ्यासमोर उघडा," अरशद म्हणाला. "चूक माझी निघाली तर दुसऱ्या गालावरपण मारा. परवा मस्कतला चाललो मी. मग गाल मिळायचा नाही."

काशीरामने मान वर केली नाही. तो अंगणात पाटावर बसून बायको सावित्रीच्या शिवणाच्या कात्रीने इंजिनाच्या झाकणाखाली बसवायचं पॅकिंग कापत होता. आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा, आणि त्यावर निळ्या अक्षरांत त्याच्याच बागेचं नाव, 'शिवलकर'. बाजारातलं पॅकिंग त्याने जन्मात विकत आणलं नव्हतं. समोर गाडी बॉनेट वासून उभी होती. शेवग्याखाली वर्षभर पडून तिच्या टपावर शेवाळ धरलं होतं. दुपारी गिऱ्हाईक बघायला येणार, म्हणून मुलगा अनिल ओटीवर कागद चाळत बसला होता.

बाजूलाच तीन दगडांच्या चुलीवर टोपात पाणी खळखळत होतं. कुंपणापलीकडून आनंदीबाईंनी डोकावलं.

"काय रे काशीराम, गाडीचं कालवण करतोस काय?"

"थर्मोस्टॅट काढणार हाय. गरम पाण्यात तोंड उघडतो का बघायचंय. हा उघडला नाय तर पाणी रेडिएटरला जात नाय, नि गाडी उकळते." मग अरशदवर नजर रोखून तो म्हणाला, "माझी बायको ह्याच्यापायी गेली."

आनंदीबाईंचं हसू मावळलं. भाटे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? गेल्या साली सावित्रीच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, कोल्हापूरला हलवा. रुग्णवाहिका मिळेना. ती कधी वेळेवर मिळते? घरची गाडी काढली. आंबा घाटात काटा लाल रेषेवर गेला, बॉनेटमधून वाफ उसळली आणि गाडी वळणावर ठप्प झाली. दीड तास. अनिलच्या मांडीवर डोकं ठेवून, मागच्या सीटवर, सावित्री गेली.

त्याच्या पंधराच दिवस आधी अरशद मेस्त्रीने नवा थर्मोस्टॅट बसवला होता. पंधरा दिवसांत गाडी भाट्याच्या पुलावरून बाजारात जायची नि परत यायची. तेवढ्यात इंजिन तापतंय कुठे?

तेरावं उरकल्यावर काशीराम मांडवीत अरशदच्या गॅरेजवर गेला होता. अरशदने एवढंच विचारलं, "काका, माझ्यानंतर कोणी उघडलं होतं काय?" उत्तरादाखल गिऱ्हाइकांदेखत खाडकन थोबाडीत बसली. तेवढ्यावर भागलं नाही. मच्छीबाजारात, चहाच्या टपरीवर, सलूनात, जिथे टेकेल तिथे काशीराम सांगत सुटला, 'त्या पोराने माझी बायको मारली.' लोकांना काय, चघळायला मिळालं. वर्षभरात गॅरेजचं शटर खाली आलं. अरशदची आई हमिदा तर बाजाराला तोंड झाकून जायला लागली. कोणी तिला म्हटलं नाही, की बाई, तुझी बाजू काय आहे?

काशीरामचा तसा कोणाच्याच कामावर विश्वास नव्हता. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. नळवाला फाटकाबाहेर पडला की हा नळ खोलणार. वायरमन गेला की बोर्ड. सावित्री म्हणायची, "देवाने जग केलं नि तपासायला तुम्हाला ठेवलं!"

त्याने दहाचा पाना लावला. दोनच बोल्ट. पहिला करकरत सुटला, दुसऱ्याला हिसडा द्यावा लागला. झाकण निघालं. थर्मोस्टॅट दिसला आणि काशीराम उडालाच.

"उलटा! अनिल, ये, बघ! स्प्रिंग आत इंजिनाकडे पायजे, ती बाहेर हाय! उलटा बसवलान मेल्याने!"

अरशद वाकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. स्प्रिंग खरोखरच बाहेर होती. "मी... मी नीट बसवला होता," तो पुटपुटला. पण डोळ्यांसमोर जे होतं ते होतं. त्याचे स्वतःचेच हात त्याला परके वाटले असावेत, असा तो हातांकडे बघत राहिला.

"मस्कतला जातोस? पळतोस?" काशीरामने हात उगारला. "वर्ष झालं, मी ओरडून सांगतोय..."

दुसऱ्या हातात झाकण होतं. झाकणाला जुनं पॅकिंग चिकटलेलं होतं. हाताबरोबर झाकण हललं आणि पॅकिंग एका कडेने सुटून लोंबलं. तपकिरी, गिळगिळीत पुठ्ठा. त्यावर निळी अक्षरं. 'वलक'.

काशीरामने पाटाकडे पाहिलं. तिथे मघाशी कापलेलं नवं पॅकिंग पडलं होतं. तोच पुठ्ठा. तीच निळी अक्षरं.

उगारलेला हात हवेत तसाच राहिला.

अरशद गाडी पोचवून गेला ती संध्याकाळ त्याला आठवली. आतून सावित्री ओरडली होती, "आता त्यात काय बघताय? चहा निवतोय!" नुसतं तपासलं होतं. दोन बोल्ट काढले, थर्मोस्टॅट हातात घेऊन बघितला, मेस्त्रीचं पॅकिंग फाटलं म्हणून नवं कापलं, परत लावलं. पाच मिनिटांचं काम. तपासणं म्हणजे उघडणं, हे त्याने कधी धरलंच नव्हतं.

"बाबा?" अनिल ओटीवरून धावत आला. "काय झालं?"

अरशदची नजर पॅकिंगवरून पाटाकडे गेली, पाटावरून काशीरामकडे. त्याला विचारायचं होतं ते त्याने वर्षापूर्वीच विचारलं होतं.

काशीरामने हात खाली घेतला. कुंपणाशी आनंदीबाई उभ्या होत्या. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला,

"होय रे अरशद. तुझ्यानंतर मी उघडलं होतं."