दाखल्यावरची सही

मयूरीच्या पत्राला तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘काका, फार्मसीची परवाना परीक्षा पास झाले. तुमच्या मेडिकलमध्ये शिकल्याचा दाखला सोबत पाठवतेय; त्यावर तुमची सही हवी, तरच परवाना मिळेल.’ त्याच परीक्षेत माझा नातू हर्षल नापास झाला होता. जीव जळला, दाखला पुस्तकात दडवला. आज तो हर्षलला सापडला. “क्लास तुला, पुस्तकं तुला, आणि पास ती!” मी पुटपुटलो. “आजोबा, तुम्ही मला आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलंत, तिला काउंटरवर राबवलंत. ती गोळ्यांच्या प्रत्येक खोक्यातलं पत्रक वाचून घडी घालायची. मला अजून डॉक्टरांचं अक्षर लागत नाही.” सही केली. सोबत लिहिलं, ‘उशीर हेव्यामुळे झाला. नातवाला शिकवायचं मला जमलं नाही. तुझ्या गावी, येवल्यात दुकान उघडलंस, की त्याला काउंटरवर उभं कर; आत बसवू नकोस.’ पाकीट नाशिक रोडच्या पोस्टात टाकलं.