शेपटीकडचे ओझे

विमान पुन्हा सुखरूप वर गेले. धावपट्टी मागे पडली, तलाव पंखाखालून सरकला, डोंगराची सोंड बाजूला राहिली आणि पडद्यावर नुसते निळे आभाळ उरले. निवृत्त ड्राफ्ट्समनने जॉयस्टिकचा दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. ते पडायला हवे होते.

याच जागी त्याच्या मुलाचे विमान पडले होते. टपालाच्या पिशव्या घेऊन डोंगरापलीकडे जाणारे, एका इंजिनाचे लहानसे विमान. जमीन सोडताच त्याचे नाक वर वर जात राहिले, पंखांखालचा हवेचा आधार सुटला आणि ते तलावात कोसळले. मुलाचा देह हाती लागला. विमानाचा मागचा अर्धा भाग गाळात गेला तो गेलाच. चौकशीचा निष्कर्ष एका वाक्याचा होता: वैमानिकाने नाक प्रमाणाबाहेर वर उचलले. बापाला ते वाक्य गिळवेना. असला आडदांडपणा आपला मुलगा करणार नाही, हे तो चौकशी अधिकाऱ्याला परोपरीने सांगत राहिला. अधिकारी माणूस भला होता. "तसं काही दाखवता आलं तर घेऊन या," तो म्हणाला. "नोंद बदलायला मी तयार आहे."

दाखवायचे तर विमान हवे. कॉम्प्युटरवरच्या उड्डाणाच्या त्या खेळात विमाने ढीगभर होती, पण हे जुने टपाली विमान कोणी केलेले नव्हते. म्हणून तो स्वतःच करायला बसला. त्याच बनावटीचे दुसरे विमान विमानतळाच्या हँगरमध्ये उभे होते. ओळखीपाळखीने आत शिरून त्याने ते टेपने इंच इंच मोजले. जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेला हात. त्याने पंखांची जाडी, शेपटीच्या पट्ट्या, चाकांचे दांडे, सगळे पडद्यावर उतरवले. मग इंजिनाची ताकद, त्या दुपारचा वारा, टपालाचे वजन. जेवणाचे भान राहीनासे झाले. "माझ्या सवतीला विचारा, ती वाढते का," असे बायको कॉम्प्युटरकडे हात करून म्हणायची आणि ताट तिथेच आणून ठेवायची. पडद्याकडे मात्र तिने कधी सरळ पाहिले नाही.

आता विमान पुरे झाले होते आणि शहाण्यासारखे उडत होते. त्याचे नाक त्या दिवशीइतके वर न्यायचे, तर दांडा हट्टाने अंगाशी ओढून धरावा लागे. म्हणजे मुलानेही तो तसाच ओढला असणार.

बायको चहा घेऊन आली तेव्हा तो तसाच बसला होता.

"झालं नाही का अजून?"

"झालं," तो म्हणाला. "सगळं करून पाहिलं. अगं, आपला पोरगाच चुकला."

तिने हातातला कप कसाबसा टेबलावर टेकवला. चहा सांडला, पण तिकडे तिचे लक्ष नव्हते.

"तो नाही चुकला," ती म्हणाली. "यात माझं शिलाईचं मशीन धरलंय का तुम्ही?"

"ते तर तू विकलंस ना?"

"खोटं सांगितलं तुम्हाला. डोंगरापलीकडे आपल्या लेकीकडे पाठवलं होतं ते, त्याच्याबरोबर, लोखंडी पायांसकट. तो नकोच म्हणत होता. आई, हे टपालाचं विमान आहे, टेम्पो नाही, म्हणाला. मीच डोक्यावर बसले त्याच्या. म्हटलं, चाळीस किलो तर आहे, धड एका माणसाएवढंही नाही. शेवटी पिशव्यांच्या मागे, पार शेपटीच्या तोंडाशी बांधलं त्यानं, कुणाला दिसू नये म्हणून. रोज ठरवते, आज सांगायचं. जीभच उचलत नाही. अहो, मीच मारलं का हो त्याला?"

तो पडद्याकडे वळला. विमानात वजन किती आहे याहून ते कुठे आहे याला महत्त्व असते, हे एव्हाना त्याला पाठ झाले होते. चाळीस किलो मधोमध ठेवले तर विमानाला कळतही नाही. तेच शेपटीशी ठेवले की मागची बाजू खाली बसते आणि नाक आपसूक उठते, कोणी ओढो अथवा न ओढो. मुलाने दांडा ओढला नव्हता. तो शेवटच्या क्षणापर्यंत पुढेच ढकलत असणार, सगळी ताकद लावून. नोंद बदलायला एवढे पुरेसे होते.

त्याने बायकोकडे पाहिले. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, शिक्षा ऐकायला उभे राहावे तशी.

"इकडे ये. बस," तो म्हणाला. "करूनच पाहू."

त्याने वजनांची चौकट उघडली. विमानाच्या आकृतीवर पुढून मागे ओळीने रिकामे चौकोन होते. अगदी शेवटचा शेपटीचा. त्याचा हात क्षणभर थबकला. मग त्याने पंखांच्या मधल्या चौकोनात आकडा भरला. "हे बघ, चाळीस. तुझं मशीन." तिने आकडा पाहिला आणि मान हलवली. कोणता चौकोन कशाचा, हे तिला कुठून कळणार?

विमान धावू लागले. तिने डोळे गच्च मिटले आणि त्याचा दंड धरला.

"उघड डोळे. बघ."

तलाव पंखाखालून सरकला. विमान सरळ रेषेत, संथपणे वर चढत होते. ती बघत राहिली. मग त्याच्या खांद्यावर डोके टाकून ओक्साबोक्शी रडली. मुलगा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

"म्हणजे मशीननं नाही?"

"मशीनचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "त्यानंच दांडा ओढला गं."