वेगळं फडताळ

"आई, कप चुकला तुझा," तिखोन म्हणाला.

टेबलावर तीन कप होते. सून मारेत हिच्यापुढे कोंबड्याचं चित्र असलेला मोठा कप. तो अकुलिनाच्या नवऱ्याचा. तो गेल्यापासून कुणी ओठाला लावला नव्हता. तिखोनपुढे त्याचा लहानपणचा. आणि स्वतःपुढे अकुलिनाने निळ्या काठाचा, टवका उडालेला कप ओढून घेतला होता. तो दारामागच्या फडताळातला होता. परक्यांचा.

सरोवरातल्या या बेटावर जुन्या श्रद्धेच्या, म्हणजे जुन्या ख्रिस्ती रीती पाळणाऱ्या रशियन लोकांच्या, प्रत्येक घरात असं एक फडताळ असतं. कांद्याचे व्यापारी, सरहद्दीवरचे पहारेकरी, नावेतून येणारा डॉक्टर, सगळ्यांचा पाहुणचार अगदी मनापासून होतो, पण तो त्याच भांड्यांतून. ती वेगळी धुवायची, वेगळी पुसायची, घरच्या भांड्यांना लागू द्यायची नाहीत. का, असं कुणी विचारलं असतं तर अकुलिनाला सांगता आलं नसतं. आजीने केलं, आईने केलं, म्हणून तिने केलं.

मारेत पश्चिमेच्या काठावरची, एस्टोनियन. लग्नानंतर ती पहिल्यांदा या घरी आली तेव्हा तिच्यापुढेही हाच निळा कप आला होता. तिला रीत ठाऊक होती. तिने मुकाट्याने चहा प्यायला आणि आभार मानले. त्यानंतर दर वर्षी ती कांदे काढायला आली, वाफ्यांत दिवसभर राबली, पण स्वतःचा पाव मात्र नावेत बसून खाल्ला. या टेबलाशी ती आज दुसऱ्यांदा बसली होती. कोंबड्याच्या कपातून ती घाबरत घाबरत घोट घेत होती.

"चुकला नाही," अकुलिना म्हणाली. "सवय करतेय."

"कसली सवय?"

"आता तुमच्या घरी राहायचं म्हणजे तुमच्याच भांड्यांत खायचं. या वयात एकदम घशाखाली उतरेल का रे, बाबा? म्हणून कांदे काढून झाल्यापासून रोज यातूनच पितेय."

पहिल्या दिवशी चहा खरंच उतरला नव्हता. दोन बोटांनी छातीवर क्रुसाची खूण करून, डोळे मिटून तिने घोट घेतला आणि बाहेर जाऊन थुंकून आली. मग हळूहळू जमलं. एक दिवस चहा नुसता चहासारखाच लागला, आणि त्या दिवशी ती ढसाढसा रडली.

जाणं तर भागच होतं. मागच्या हिवाळ्यात ती विहिरीपाशी बर्फावर घसरून पडली आणि तिला उठताच येईना. थंडीत इथले लोक एकमेकांच्या धुराड्यांवर नजर ठेवून असतात. शेजारच्या झिनोवीला तिच्या घरचा धूर दिसला नाही, म्हणून ती वाचली. पण आता धूर निघणारी घरंच बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. शाळा कधीच बंद पडली, दुकान उन्हाळ्यापुरतं उघडायचं. तिच्या तरुणपणी काय थाट होता! कांद्याच्या वेण्यांनी भरलेल्या नावा थेट पूर्वेच्या, रशियाच्या काठाला लागायच्या. बायका गात गात वल्ही मारायच्या आणि संध्याकाळी साखर, छिटाचं कापड, झालंच तर एखादं लग्न जमवूनच परतायच्या. आता मधल्या पाण्यात सरहद्दीची खूण म्हणून बोयांची रांग तरंगत होती. कांदा तोच होता, खाणारे सरहद्दीपलीकडे राहिले होते.

धक्क्यावर झिनोवीची नाव तयार होती. सरोवर गोठायच्या आत निघायला हवं होतं. अकुलिनाचं गाठोडंही बांधून झालं होतं. धास्ती एकच होती. या वयात आपण त्या घरात घरच्या म्हणून राहणार की परक्या म्हणून?

"आमच्याकडे एवढा त्रास करून घ्यावा लागणार नाही तुम्हाला," मारेत म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी तुमच्यासाठी वेगळं फडताळ केलंय. स्वयंपाकघरात, दारापाशी. सगळी भांडी नवी कोरी आहेत. पुसायचं फडकंसुद्धा वेगळं. मुलींना बजावलंय, आजीच्या भांड्यांना हात लावायचा नाही म्हणून."

"बाजारात बसणाऱ्या आपल्या पंथाच्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून केलंय तिने," तिखोन कौतुकाने म्हणाला. "फळ्यासुद्धा स्वतः ठोकल्या. मी मदतीला गेलो तर म्हणते, तू बाटलेला, तू लांबच राहा."

अकुलिना हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ज्या पोरीपुढे आपण हा कप ठेवला, तिने आपल्यासाठी एवढं करावं! मग तिला ते स्वयंपाकघर डोळ्यांपुढे दिसायला लागलं. सगळे एका टेबलाशी बसले आहेत, नातींच्या ताटल्या एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि आजीची ताटली तेवढी दारापाशी असलेल्या फडताळातून येते आहे. मारेतच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण निळा कप पुढे ठेवताना आपल्या तरी मनात कुठे वाईट होतं?

"मारेत," ती म्हणाली, "त्या फडताळात कांदे ठेव, पोरी. छान कोरडे राहतील."

मारेतचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं. वेगळं फडताळ कुणासाठी असतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

तिने हात लांब करून मारेतपुढचा अर्धा राहिलेला कप उचलला आणि तिचा उष्टा चहा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.