वासापुरतं पेट्रोल

रांगेलच्या गॅरेजसमोर ट्रॅक्टरला बांधलेला दोर सोडता सोडता कोल्यो म्हणाला, "रांगेल, काकांची गाडी ओढून आणली बघ. सबंध रस्ताभर थेंबही प्यायली नाही. अशीच ठेव, परवडते."

कोणी हसलं नाही. कोल्योने टोपी कानांवर ओढली, ट्रॅक्टर वळवला आणि निघून गेला.

म्हातारा स्तामेन गाडीतून उतरला. त्याच्या हातात कागदी पेला होता, पेल्यात गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात तो साखर घातलेला उकडलेला गहू. "नेदाला जाऊन काल चाळीस दिवस झाले," त्याने पेला पुढे केला. रांगेलने हातांचं ग्रीस पुसलं, दोन चमचे गहू खाल्ला आणि अशा वेळी म्हणतात ते म्हणाला, "देव तिला क्षमा करो."

"तिला कशाला?" म्हातारा म्हणाला. "तू गाडी बघ."

"चालू करून देतो, काका."

"चालू नको करूस. त्या सकाळी ती का चालू झाली नाही, तेवढं सांग."

त्या सकाळचं गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. स्तामेनच्या बायकोच्या, नेदाच्या छातीत कळ आली. घाटात बर्फ होतं, शहरातून ॲम्ब्युलन्सला यायला तास लागणार होता. स्तामेनने तिला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि चावी फिरवली. इंजिन नुसतं गरगरत राहिलं. बॅटरी संपेपर्यंत त्याने चावी सोडली नाही. नेदा तिथेच, पट्ट्यात अडकलेलीच गेली.

रांगेलने दुसरी बॅटरी जोडली. इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीवर दाब मोजायचं घड्याळ बसवलं.

"चावी अर्धीच फिरवा, काका."

काटा उठला, दीडपर्यंत चढला, तिथे थरथरला आणि शून्यावर पडला.

"दाब किती लागतो?" स्तामेनने आतूनच विचारलं.

"तीन."

"दीडवर नाही चालू होत?"

"उन्हाळ्यात कदाचित होईल. थंडीत नाही."

त्याने फ्यूज पाहिला. तारेतली वीज मोजली, ती पुरेशी होती. फिल्टर काढून त्यातून फुंकर मारली, वारा आरपार गेला. मग तो मागची सीट उचलून टाकीचं झाकण उघडायला लागला. आता पेट्रोल ढकलणारा पंप तेवढाच राहिला होता, आणि ते त्याला काटा बघायच्या आधीपासून माहीत होतं. उगाच फ्यूज बघत बसला होता.

पंप बाहेर काढून त्याने लगेच फडक्यात गुंडाळला.

"जुना झालाय," तो म्हणाला. "पंप जातात, काका. त्यात कोणाचा दोष नसतो."

"फडकं काढ."

"कपड्यांना डाग पडतील तुमच्या."

"सहकारी शेतीचे पाण्याचे पंप तीस वर्षं मी सांभाळले. डागांचं मला नको सांगूस. काढ."

रांगेलने फडकं काढलं. पंप तोंडापाशी काळा पडला होता. स्तामेनने तो नाकापाशी नेला, मग कानापाशी नेऊन हलवला. आत काहीतरी सुटं होऊन खुळखुळत होतं.

"कोरडा चाललाय," तो म्हणाला.

रांगेल टाकीच्या तोंडाभोवतीची धूळ पुसायला लागला.

"पाण्याचा पंप पाण्यानेच गार राहतो. याचंही तसंच का?"

"तसंच. पेट्रोलात बुडलेला असला की गार राहतो."

"पण मी तर गॅसवर चालवतो. पेट्रोल लागतं ते फक्त सकाळी चालू करायला. पाच मिनिटांत ती आपली आपण गॅसवर जाते."

"गॅसवर गेली तरी पंप फिरतच असतो, काका."

म्हाताऱ्याने वाकून टाकीत पाहिलं. तळाला बशीभर पेट्रोल होतं. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. रांगेलला वाटलं, त्याला चक्कर आली. त्याने दंडाला धरून त्याला टायरांच्या चळतीवर बसवलं आणि समोर उभा राहिला.

"गॅसची टाकी मीच बसवली होती," रांगेल म्हणाला. "नऊ वर्षं झाली. पेट्रोल किती ठेवू म्हणून तुम्ही विचारलंत, आणि मी म्हणालो, वासापुरतं ठेवा. गॅस अर्ध्या किमतीत मिळतो, पेट्रोल कशाला जाळता. अख्ख्या गावाला मी हेच सांगितलंय. चूक माझी आहे, काका. तुम्ही स्वतःला काही लावून घेऊ नका. लोकांना सांगायचं असेल तर माझं नाव सांगा."

स्तामेनने पंप पुन्हा फडक्यात गुंडाळला. फडक्याची टोकं नीट आत खोचली. घाई नव्हती त्याला.

"तू एकदाच सांगितलंस, पोरा," तो म्हणाला. "गॅस भरायला थांबलो की दर वेळी ती म्हणायची, स्तामेन, थोडं पेट्रोलही भर. मी म्हणायचो, कशाला? तुला कुठे जायची एवढी घाई आहे?"