राहत्या घरी

"राहत्या घरी, असं लिवा अक्का," कल्लप्पा म्हणाला.

शिवलीलाचं पेन थांबलं. आळंदच्या त्या लोकल चॅनेलवर संध्याकाळच्या बातम्या तीच वाचायची, आणि शेवटी निधनवार्ता. कोण वारलं, कुठं वारलं, अंत्यविधी किती वाजता. निधनवार्तेचा पैसा घ्यायचा नाही आणि एकही गाळायची नाही, ही चॅनेलची पहिल्यापासूनची रीत. घरचं माणूस सांगेल तसं लिहायचं आणि वाचायचं. आताही बाकी बातम्या झाल्या होत्या. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती चालल्या होत्या, आणि त्या लवकर संपत नसत.

पण कल्लप्पाची बायको मल्लेश्वरी घरी वारली नव्हती. सकाळी डाळ मिलमध्ये मशीनच्या पट्ट्यात तिचा पदर गुंतला. कॅमेरा घेऊन शिवलीला स्वतः तिथं जाऊन आली होती. ती बातमी दुपारी श्रीशैलअण्णांनी काढून टाकली. मिल अण्णांची. गेल्या वर्षापासून चॅनेलही अण्णांचंच.

"घरी कसं म्हणायलाव तुम्ही?" तिनं हळूच विचारलं.

कल्लप्पा भिंतीकडं बघत बोलला. "मालक म्हणले, तसंच बरं हाय. पोरीला शिकवतो म्हणले, कॉलेजपतूर. मिलचं नाव निघालं की पोलीस येतेत, मिल बंद पडती. आता मी काय बोलू अक्का? ती तर काय माघारी येत न्हाई."

शिवलीलानं लिहिलं. अक्षर मात्र तिचं नेहमीसारखं वळणदार आलं नाही.

आतल्या खोलीत साडीच्या झोळीत तिचं लेकरू निजलं होतं. झोळी बांधायला छताला कडी अण्णांनीच बसवून दिली होती. लेकराला घेऊन ये, पण काम सोडू नकोस, असं म्हणणारा मालक तिला आळंदात दुसरा भेटला नव्हता.

अण्णा आले ते चपला दाराबाहेर काढून, पाय न वाजवता.

"निजलं का बाळ?"

"व्हय."

"मग? झालं का लिवून?"

तिनं कागद त्यांच्यापुढं धरला. "लिवलंय. पर हे माझ्या तोंडातून निघणार न्हाई, अण्णा. चॅनेल तुमचं हाय. तुम्ही वाचा."

कॅमेऱ्यामागं वीरेश उगाच खाकरला.

अण्णा हसले. "मी? माझं थोबाड बघून लोक टीव्ही फोडतील की गं." ती हसली नाही, तसा त्यांचाही चेहरा उतरला. "कामून असं करायलीस? मी ह्याला वाऱ्यावर सोडलंय का? सकाळपास्नं दवाखाना, गाडी, पुरायचा खड्डा, समदं मीच बघायलोय ना?"

"तुम्हीच बघायलाव. तुम्ही सोडणार न्हाई, ठाऊक हाय मला. म्हणून तर म्हणायले, तुम्हीच वाचा."

"आणि न्हाई वाचलं तर?"

"तर मी झोळी सोडते, कामबी सोडते," ती म्हणाली.

"अण्णा, शेवटची जाहिरात लागली," वीरेश म्हणाला.

अण्णांनी कागद हिसकावल्यासारखा घेतला आणि तिच्या खुर्चीत बसले. शिवलीलानं वाकून त्यांच्या कॉलरला माईक लावला.

लाल दिवा लागला.

"निधनवार्ता," अण्णांनी सुरुवात केली. "आळंद येथील मल्लेश्वरी कल्लप्पा, वय चौतीस, या आज सकाळी..."

कल्लप्पा आता बाहेर, काचेपलीकडं जाऊन उभा होता. त्यानं डोक्याची टोपी काढून काखेत धरली आणि अण्णांना दोन्ही हात जोडले. उपकार झाल्यासारखे.

अण्णा थांबले. पुढचे शब्द समोरच होते. वीरेशनं हात फिरवून वाचा वाचा अशी खूण केली. गावातल्या दुकानांत, घराघरांत आता नुसते गप्प बसलेले श्रीशैलअण्णा दिसत असणार.

"आज सकाळी," ते पुन्हा म्हणाले, "आमच्या डाळ मिलमध्ये काम करताना लिंगैक्य झाल्या." त्यांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "पट्ट्याला जाळी नव्हती. जाळी बसवायची मी राहू दिली होती. अंत्यविधी उद्या सकाळी दहा वाजता."

लाल दिवा विझला.

कल्लप्पाचे हात जोडलेलेच होते. त्याला ते सोडवेनात. "मालक," तो दारात येऊन म्हणाला, "मग पोरीचं..."

"पोरीचं ठरलं ते ठरलं. त्याला ह्या खोट्याशी बांधलं, ती माझी चूक. बस तू."

तो जिथं होता तिथंच फरशीवर बसला, गुडघ्यांत डोकं घालून. इतका वेळ आवरलेलं रडं आता फुटलं. त्या आवाजानं आतलं लेकरू जागं झालं. शिवलीला त्याला खांद्यावर घेऊन आली, थोपटत उभी राहिली. बाहेर ऑफिसातला फोन वाजायला लागला. कुणीच उचलायला गेलं नाही.

"उद्या लोक इचारतील," अण्णा म्हणाले. "जाळी कामून न्हवती म्हणून."

"इचारणारच. उद्या संध्याकाळी सातला तुम्ही पाहुण्याच्या खुर्चीत बसा, अण्णा. लोकांच्या वतीनं मी इचारते."

अण्णांनी माईक काढला नाही. ते उठले आणि टेबलाला वळसा घालून पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसले.

"उद्यापतूर माझं मन फिरंल," ते म्हणाले. "लेकरू वीरेशकडं दे. कॅमेरा चालू होऊ दे. आत्ताच इचार."